खंबाटकीचा कातळ आणि सांगलीचा गाळ : बोगदे व पूल बांधण्याची पद्धत नेमकी कशावरून ठरते?

जरंडेश्वर (सातारा)

खंबाटकीच्या घाटातून जाता-येता गाडीतले कोणी ना कोणी मला हमखास विचारते की, एवढी मोठमोठी यंत्रे हाताशी असताना एका डोंगरातून रस्ता काढायला वर्षे का लागावीत? मी स्थापत्य अभियंता आहे आणि नोकरीतली एकोणीस वर्षे बोगद्यांच्या कामावर काढली आहेत. त्यातली बहुतेक आपल्याच सातारा-सांगली भागातल्या पाण्याच्या बोगद्यांवर गेली. गाडीत पाच मिनिटांत देता येईल असे या प्रश्नाचे उत्तर नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पुलांच्या पायांवर काम केलेले काही जण इथे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनीही लिहावे, अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट अशी की, पूल आपण बांधतो, पण बोगदा खऱ्या अर्थाने बांधत नाही. बोगद्यात भार पेलणारी मुख्य वस्तू आधीच तिथे असते आणि ती म्हणजे खडक. साधा हिशेब करून पाहा. बसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे, वजन घनमीटरला सुमारे २.८ टन भरते. बोगद्याच्या माथ्यावर १०० मीटर डोंगर असेल, तर दर चौरस मीटरवर २८० टनांचा भार येतो. आतून दिलेले तीस-चाळीस सेंटीमीटर जाडीचे काँक्रीटचे अस्तर हा सगळा भार एकट्याने पेलू शकणार नाही आणि तशी त्याच्याकडून अपेक्षाही नसते. खोदाई झाल्यावर भोवतालचा खडकच स्वतःची कमान धरतो आणि वरचा भार दोन्ही बाजूंच्या कातळात उतरवतो. ती कमान धरेपर्यंत खडकाला सैल होऊ न देणे एवढेच आपले काम असते. ऑस्ट्रियातील राबसेविच यांनी १९६० च्या दशकात हीच कल्पना पद्धतीच्या रूपात मांडली. तिला आज 'नवी ऑस्ट्रियन पद्धत' म्हणतात आणि साइटवर सगळे तिला 'नाटम' या नावाने ओळखतात.

दुसरी गोष्ट खडकाची. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे, हे आपण शाळेत शिकतो. बोगदा खोदणाऱ्याला मात्र त्या थरांतला फरक फूट-फूट मोजावा लागतो. एक थर घट्ट, काळाभोर, घण मारला तर ठिणग्या उडवणारा असतो. दुसरा करडा किंवा तांबूस असून त्यात पांढऱ्या खनिजांनी भरलेले ठिपके असतात. त्याला आम्ही 'अमिग्डलॉइडल' म्हणतो. सामान्य माणसाला वाटते की पहिला खडक बोगद्यासाठी उत्तम आणि दुसरा कच्चा. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी तसेच वाटत होते. प्रत्यक्षात घट्ट बसाल्ट निवताना आकसतो आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. त्याचा एकेक तुकडा पोलादासारखा असला, तरी तुकडे एकमेकांपासून सुटे असतात आणि त्या चिरांतून पाणी येते. ठिपक्यांचा खडक हाताला मऊ लागतो, पण त्यात चिरा फारच कमी असतात. त्यामुळे तो एकसंध राहतो आणि पुष्कळदा आधाराशिवाय सुद्धा उभा राहतो. माझ्या अनुभवात वेळ खाल्ला तो बहुधा काळ्या, 'चांगल्या' दिसणाऱ्या खडकाने.

तिसरा थर सगळ्यांत महत्त्वाचा आणि तो आहे लाल मातीचा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जो पृष्ठभाग उघडा राहिला आणि कुजला, त्यावर पुढचा लाव्हा येऊन बसला की मध्ये विटकरी रंगाची पट्टी तयार होते. ती कुठे चार बोटे असते, तर कुठे पुरुषभर. भूशास्त्रात तिला 'रेड बोल' म्हणतात. ताजी उघडी पडते तेव्हा ती चांगली टणक असते आणि पहारीनेही सहज फुटत नाही. मग तिला हवा आणि ओल लागते, ती फुगते, तिचे पापुद्रे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत हाताने ओरबाडता येईल अशी माती होते. तिच्या वर बसलेला घट्ट, चिरा असलेला बसाल्ट मग कशावर टेकणार?

आता प्रत्यक्ष काम. खंबाटकीसारख्या रस्त्याच्या बोगद्यात तीन मार्गिका म्हटल्या की रुंदी साधारण १४-१५ मीटर होते. एवढे तोंड एकदम उघडत नाहीत. आधी वरचा कमानीचा भाग काढतात, त्याला 'हेडिंग' म्हणतात. मागून खालचा भाग काढतात, ते 'बेंचिंग'. हेडिंगच्या तोंडावर, म्हणजे 'फेस'वर, सर्व्हेअर रंगाने भोकांच्या जागा आखतो. 'बूमर' यंत्र तीनेक मीटर खोल अशी शंभराहून अधिक भोके पाडते. मधोमध काही मोठी भोके रिकामी ठेवतात, कारण खडकाला फुटून सरकायला कुठेतरी मोकळी जागा लागते. स्फोट सगळ्या भोकांत एकाच क्षणी होत नाही. मधल्या भोकांचा आधी होतो, मग त्यांच्या शेजारच्यांचा, आणि सर्वांत शेवटी कडेच्या भोकांचा. प्रत्येक टप्प्यात हजारांश सेकंदांचे अंतर असते. कडेच्या भोकांत दारू कमी भरतात, म्हणजे राहणारा खडक दुखावत नाही. त्यानंतर धूर काढणे, सैल दगड पाडणे, 'मक' म्हणजे मलबा उचलणे, खडकावर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने मारायचे काँक्रीट, फवारणे आणि रॉक बोल्ट, म्हणजे खडकात रोवायच्या पोलादी सळया, मारणे. एवढे झाले की एक फेरी संपते आणि बोगदा फार तर तीन मीटर पुढे सरकलेला असतो.

यातले सैल दगड पाडण्याचे काम मी अनेक वर्षे जवळून पाहिले. आता त्यासाठीही यंत्र आहे, पण आमच्याकडचे जुने मिस्त्री लांब पहार घेऊन माथ्यावर ठोकत जात. खडक घट्ट असला तर आवाज टणटणीत येई. मागे फट असली तर तोच आवाज बद्द होई. मिस्त्री तिथेच थांबत, आम्हाला मागे सारत आणि कडेने उभे राहून त्या जागी पहार खुपसत. बॅटरीच्या उजेडात मला जिथे काहीच दिसत नसे, तिथून पाटाएवढी कपची खाली येई. शॉटक्रीटचा थर किती जाड हवा, याचा हिशेब मी कागदावर करत असे, पण तो आज कुठे आधी द्यायचा हे पुष्कळदा त्या आवाजावरून ठरत असे.


माणदेशी

अतिशय उपयुक्त धागा. एक शंका आहे. मुंबईत भुयारी मेट्रोसाठी आणि किनारी रस्त्यासाठी बोगदे खोदणारी अजस्र यंत्रे, म्हणजे टीबीएम, वापरली. त्यात स्फोट नाहीत आणि एका बाजूने यंत्र पुढे सरकत असताना मागे काँक्रीटची कडीही बसत जाते. मग आपल्या घाटांत ते यंत्र का आणत नाहीत? खर्च हेच कारण आहे का?


जरंडेश्वर

खर्च आहेच, पण तो कशामुळे वाढतो हे समजून घ्यावे लागेल. किनारी रस्त्याच्या 'मावळा' यंत्राचा व्यास १२.१९ मीटर आहे आणि त्याने दोन किलोमीटरहून थोडे अधिक लांबीचे जुळे बोगदे काढले. असे यंत्र मागवायचे, तुकड्यातुकड्यांनी आणून जोडायचे, त्याला सुरुवातीचा खड्डा आणि मोठी वीजजोडणी द्यायची, यातच कितीतरी महिने जातात. लांबी पुरेशी असेल तर हा काळ आणि खर्च भरून निघतो. एखाद-सव्वा किलोमीटरच्या घाटातल्या बोगद्याला तो परवडत नाही.

दुसरे म्हणजे, टीबीएम फक्त गोल भोक पाडते. तीन मार्गिका गोलात बसवायच्या तर खालचा आणि वरचा बराच भाग विनाकारण खोदावा लागतो. स्फोटाच्या पद्धतीत घोड्याच्या नालासारखा हवा तो आकार काढता येतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबईत वर इमारती आहेत. तिथे जमीन जराही खचून चालत नाही आणि हादरेही चालत नाहीत, म्हणून तिथे यंत्र हाच योग्य मार्ग आहे. घाटात वर माणूस राहत नाही. उलट खडक दर वीस मीटरला बदलतो आणि तो बदलला की आधाराची पद्धतही त्याच दिवशी बदलता आली पाहिजे. स्फोटाच्या पद्धतीत फेस रोज उघडा दिसतो आणि रोज निर्णय घेता येतो.


औदुंबर (सांगली)

मी भूशास्त्र शिकवतो. जरंडेश्वर यांचे मांडणे मूलतः बरोबर आहे, पण दोन ठिकाणी पुरवणी जोडणे आवश्यक वाटते.

ठिपक्यांचा खडक एकसंध असतो, हे खरे. पण त्याची पोकळी भरणारी खनिजे कोणती आहेत, हेही पाहावे लागते. झिओलाइट असेल तर ठीक. हिरवट चिकणमातीसारखी खनिजे अधिक असतील तर तोही खडक उघडा पडल्यावर सुटायला लागतो. तसेच घट्ट बसाल्टमधल्या चिरा घट्ट मिटलेल्या असतील आणि कोरड्या असतील, तर तो उत्तम वागतो. म्हणून कोणत्याही एका जातीच्या खडकाला सरसकट चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही.

हा निर्णय नजरेवर सोडू नये म्हणून दोन मोजपट्ट्या वापरतात. बोअर घेऊन काढलेल्या दगडी कांडीत १० सेंटीमीटरपेक्षा लांब असलेल्या तुकड्यांची एकूण लांबी मोजायची आणि तिचे पूर्ण लांबीशी शेकडा प्रमाण काढायचे, हा 'आरक्यूडी'. विद्यार्थ्यांना मी खरी कांडी हातात देऊन हे मोजायला लावतो, कारण कांडी काढताना यंत्राने मोडलेला तुकडा आणि मुळात चिरेवर सुटलेला तुकडा यांतला फरक हाताला कळावा लागतो. ताजी तूट खडबडीत आणि स्वच्छ असते. जुन्या चिरेवर तांबूस डाग किंवा मातीचा लेप असतो. हा फरक न ओळखणाऱ्याच्या नोंदीत चांगला खडक वाईट होऊन बसतो.

दुसरी मोजपट्टी नॉर्वेतील बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेली 'क्यू' पद्धत. तिच्यात तीन गुणोत्तरांचा गुणाकार असतो. पहिले गुणोत्तर सांगते की खडकाचे सुटे ठोकळे केवढे आहेत. दुसरे सांगते की चिरेच्या दोन भिंती एकमेकींना किती घट्ट धरून आहेत, म्हणजे त्या खडबडीत आहेत की गुळगुळीत आणि मध्ये माती आहे का. तिसरे पाणी आणि दाब यांचे. उत्तर ०.००१ पासून १००० पर्यंत कुठेही येऊ शकते आणि त्यावरून बोल्ट किती अंतरावर आणि शॉटक्रीट किती जाड, हे ठरते. लक्षात घ्यावे की यात पाण्याला स्वतंत्र गुणक आहे. कोरड्या खडकाला तो १ असतो आणि जोरदार पाणी असेल तर ०.०५ पर्यंत उतरतो. म्हणजे तोच खडक, त्याच चिरा, पण केवळ पाण्यामुळे त्याची प्रत वीस पटींनी घसरते. मे महिन्यात पाहिलेला फेस आणि ऑगस्टमधला तोच फेस एका वर्गात बसत नाहीत, याचे कारण हेच आहे.


कोयनाकाठ (पाटण)

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर कोयनेच्या 'लेक टॅपिंग'विषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ असे दोनदा ते शिवाजीसागरात झाले. पहिल्या वेळी मी महाविद्यालयात होतो आणि आमच्याकडे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हा मला वाटले होते की तळ्याला खालून भोक पाडले, एवढेच. पुढे याच क्षेत्रात आलो तेव्हा त्याची योजना किती काटेकोर असते ते समजले.

प्रश्न असा आहे की, भरलेल्या जलाशयातून नवा बोगदा काढायचा तर त्याचे तोंड पाण्याखाली कसे उघडायचे? जलाशय रिकामा करता येत नाही. पाण्यात बांध घालून आतले पाणी उपसायचे म्हटले, तर एवढ्या खोलीवर ते फार अवघड आहे. नॉर्वेत सरोवरांच्या बाबतीत हाच प्रश्न होता आणि तिथे शंभराहून अधिक वर्षांपासून वापरात असलेली युक्ती अशी की, बोगदा खालून खोदत तळ्याच्या बुडाशी न्यायचा आणि शेवटची काही मीटर खडकाची बुचासारखी जाडी तशीच ठेवायची. त्या बुचाच्या अगदी खाली बोगद्याच्या तळात मोठा खड्डा खोदायचा. शेवटच्या स्फोटात बूच फुटले की त्याचा सगळा मलबा पाण्याच्या लोंढ्याबरोबर येतो. तो या खड्ड्यात पडला पाहिजे, पुढे झडपांकडे आणि यंत्रांकडे जाता कामा नये.

बूच जसजसे पातळ होत जाते, तसतशी गती मुद्दाम कमी करतात. पुढे बारीक भोके पाडून वरचा तळ नेमका किती अंतरावर आहे आणि पाणी झिरपते का, ते तपासतात. झिरपत असेल तर सिमेंटचे पाणी दाबाने भरून चिरा बंद करतात. दर फेरीची लांबी कमी, दारू कमी. शेवटच्या स्फोटाआधी मागची झडप बंद करतात आणि बोगद्यात ठरावीक पातळीपर्यंत पाणी भरतात, पण बुचाखाली हवेचा एक कप्पा शिल्लक ठेवतात. स्फोटाचा धक्का पाण्यातून थेट झडपेवर गेला तर ती मोडू शकते. मधली हवा दाबली जाते आणि उशीसारखी तो धक्का पचवते. या शेवटच्या स्फोटात चूक झाली तर पुन्हा संधी नाही, कारण अर्धवट फुटलेल्या बुचाखाली जाऊन काम करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ही पद्धत आपल्याकडे चालली, कारण बुचाला लागणारा घट्ट आणि चिरा भरता येण्याजोगा कातळ कोयनेला होता. गाळाचे बूड असते तर कोणीही हा विचार केला नसता.


हरिपूर_संगम

गाळाचे बूड हा आमचा विषय. मी पुलांच्या पायांवर काम केले आहे, तेव्हा सांगलीकडून लिहितो.

कृष्णा तीच, पण वाईजवळची कृष्णा आणि सांगलीजवळची कृष्णा यांत अभियंत्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. वाईकडे नदीच्या पात्रात कातळ उघडा दिसतो. तिथे खांबाचा पाया म्हणजे कातळात थोडे खोदून, साफ करून, सळया ठोकून वर काँक्रीट ओतणे. सांगलीत तुम्ही काळी माती, मग पिवळी चिकणमाती, मग वाळू असे खाली जात राहता आणि कातळ लवकर लागत नाही. पुराच्या पाण्याची उंची म्हणाल, तर आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. २०१९ मध्ये पाणी ५७.५ फुटांवर गेले होते. १९२९ मध्ये वाहतुकीला खुला झालेला तो दगडी पूल आजही आमच्यासाठी नदीची मोजपट्टी आहे. पाऊस वाढला की घराघरांत पहिला प्रश्न 'आयर्विनला किती फूट?' हाच असतो.

पुरात पुलाला खरा धोका वरच्या पाण्यापेक्षा तळाशी असतो. खांबाला अडलेले पाणी खाली वळते, खांबाच्या पुढ्यात भोवरा होतो आणि तो पायाजवळची माती उकरत जातो. पुराच्या ऐन भरात हा खड्डा सर्वांत खोल असतो आणि पूर ओसरताना पुन्हा गाळाने भरतो. म्हणून पूर गेल्यावर पाहणी केली तर सगळे जसेच्या तसे दिसते. आपल्याकडे या उकरीची खोली लेसी यांच्या सूत्राने काढतात आणि खांबाजवळ ती साध्या खोलीच्या दुप्पट धरतात. पाया त्याच्याही खाली पुरेसा रुतलेला असावा लागतो. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या सावित्रीवरचा महाडजवळचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि एसटीच्या बसगाड्यांतील माणसे गेली. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या. पाण्याखालच्या पायाची पाणबुड्यांकडून तपासणी हा खर्च कधीही टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

एवढ्या खोल पाया न्यायची जुनी पद्धत म्हणजे विहीर उतरवणे. नदीत बेट करून त्यावर पोलादी धारेची कडी ठेवायची, तिच्यावर काँक्रीटची जाड गोल भिंत उभी करायची आणि आतली माती यारीच्या पंजाने काढत जायची. विहीर स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. ऐकायला सोपे वाटते. माझ्या उमेदीतल्या एका कामावर विहीर सहा-सात मीटर गेल्यावर एका बाजूच्या धारेखाली चिकणमातीचा कठीण थर आला आणि दुसऱ्या बाजूला वाळू. एका रात्रीत विहीर वाळूच्या बाजूला कलली. तिरकेपणा ८० ला १ आणि सरक १५० मिलिमीटर यांपेक्षा अधिक चालत नाही. आम्ही त्या मर्यादेच्या अगदी जवळ होतो. मग पुढचे बारा दिवस वरच्या बाजूला पोत्यांचे वजन रचले, त्याच बाजूची माती आतून काढली आणि खालच्या बाजूला माती सैल करणारा पाण्याचा फवारा पूर्ण बंद ठेवला. दर दोन तासांनी चारही बाजूंच्या खुणांची पातळी दुर्बिणीने घ्यायची, वहीत लिहायची आणि मगच पुढचा पंजा टाकायचा. तेराव्या दिवशी ती सरळ झाली. आमच्या वरिष्ठांनी त्या दिवशी कामगारांना गोड जेवण दिले होते.

आता बहुतेक ठिकाणी विहिरीऐवजी यंत्राने खोल पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात, कारण वेळ वाचतो. त्यात काँक्रीट नळीने तळापासून वर भरत आणतात आणि नळीचे टोक कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवावे लागते. ते एकदा जरी वर निघाले, तरी पाणी आणि चिखल मध्ये शिरतो आणि जमिनीखाली पाइलचे दोन तुकडे होतात, जे वरून कोणालाही दिसत नाहीत.

आणखी एक, आणि हा आमच्या भागाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. पूरपट्ट्यात पुलाचे जोडरस्ते मातीच्या उंच भरावावर घेतले तर पूल स्वस्त होतो, पण भराव धरणासारखा आडवा येतो आणि वरच्या बाजूला पाण्याचा फुगवटा वाढतो. तिथे जास्तीचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले मोकळे भाग, ठेवून रस्ता खांबांवर नेणे महाग असले, तरी तोच योग्य मार्ग आहे.


सई_वाई

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचत आहे. कराड-मलकापूरला महामार्गावर खांबांच्या एकाच रांगेवर पूल करताना मी खोक्यांसारखे मोठे तुकडे एकमेकांना लावलेले पाहिले. ते खाली न पडता हवेत कसे राहतात?


हरिपूर_संगम

त्यांना सेगमेंट म्हणतात. ते बाजूच्या आवारात असे ओततात की आधीच्या सेगमेंटचे तोंड हाच पुढच्याचा साचा असतो, त्यामुळे दोन्ही तोंडे तंतोतंत जुळतात. वरची लोखंडी गँट्री, म्हणजे खांबांवर टेकलेली उचलायची चौकट, एका गाळ्याचे सगळे तुकडे उचलून धरते, मध्ये इपॉक्सी या चिकट द्रव्याचा लेप देतात आणि मग आतल्या नळ्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवून जॅकने ओढतात. पुस्तकांची रांग दोन्ही टोकांना दाबून धरली तर ती आडवी उचलता येते, तसेच हे आहे. खाली वाहतूक चालू ठेवता येते, म्हणून शहरात ही पद्धत सोयीची असते.

यातला नाजूक भाग म्हणजे त्या नळ्या. तारा ओढल्यावर नळीत सिमेंटचा रस पूर्ण भरला नाही, तर आत ओल राहून तारा गंजतात. पणजीचा मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, त्यामागे तारांचे गंजणे होते. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की जॅकवरचा आकडा सगळेच पाहतात. तुम्ही नळीच्या दुसऱ्या टोकाने रस बाहेर आला का, ते पाहा.


कोयनाकाठ (पाटण)

जरंडेश्वर सर, लाल थराने आपल्याला कधी अडचणीत आणले का? तो ओळखायचा कसा?


जरंडेश्वर

होय, आणले. कोणत्या कामावर ते लिहिणार नाही. बोगद्याच्या डाव्या खांद्याशी हातभर जाडीचा लाल पट्टा उघडा पडला. शनिवारची दुपार होती. शॉटक्रीटचे यंत्र बिघडले होते आणि सुटा भाग पुण्याहून सोमवारी येणार होता. थर हाताला टणक लागत होता आणि पाणीही नव्हते. मी प्रभारी होतो. हाताने सिमेंटचा पातळ गिलावा तरी करून घ्यावा, असे एका मिस्त्रींनी सुचवले होते आणि मी ते सोमवारवर ढकलले. रविवारी रात्री वरचा बसाल्ट चिरेवर सुटून खाली आला. सुट्टी असल्याने आत कोणी नव्हते. सोमवारी सकाळी मी तो पट्टा पाहिला तेव्हा त्याचे पापुद्रे बोटाने निघत होते आणि वर माथ्यात ट्रक मावेल एवढी पोकळी झाली होती. ती भरून, लोखंडी कमानी लावून पुन्हा जुन्या फेसवर यायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यानंतर लाल थर दिसला की त्याच पाळीत तो झाकायचा, मग दुसरे काम थांबले तरी चालेल, असा नियम मी स्वतःपुरता केला आणि निवृत्तीपर्यंत पाळला.

ओळखण्याविषयी म्हणाल, तर पावसाळा संपल्यावर कोणत्याही घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे पाहा. बराच वेळ एकसारखा आडवा जाणारा विटकरी पट्टा दिसला, त्याच्या वरच्या कडेने ओल पाझरत असली आणि पट्टा आत खचून वरचा काळा खडक छपरासारखा पुढे आलेला असला, की तोच. त्या छपराखाली गाडी उभी करू नये.


माणदेशी

आता मूळ प्रश्नावर येतो. एक किलोमीटर बोगदा आणि दोन्ही तोंडांकडून काम, तर किती काळ धरावा?


जरंडेश्वर

खडक चांगला असेल तर एका फेरीला दहा-बारा तास लागतात आणि दिवसाला एका तोंडावर चार-पाच मीटर निघतात. दोन्ही तोंडे मिळून दहा मीटर धरले, तर एक किलोमीटरचे हेडिंग शंभर-सव्वाशे दिवसांत व्हायला हवे. खडक वाईट असेल तर एका वेळी एकच मीटर उघडायचे, लगेच लोखंडी कमान उभी करायची, शॉटक्रीटचे दोन थर द्यायचे आणि पुढे जाण्याआधी माथ्यावरून लांब सळया आत घुसवून पुढचा खडक आधीच शिवून घ्यायचा. अशा जागी दिवसाला तोंडामागे एक मीटर निघाला तरी आम्ही समाधानी असू. म्हणजे त्याच किलोमीटरला पाचशे दिवस.

हे फक्त वरच्या अर्ध्याचे झाले. त्यानंतर बेंचिंग, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, पाणी न झिरपू देणारे पडद्याचे आवरण, सरकत्या साच्याने टप्प्याटप्प्याने ओतायचे अस्तर, दोन बोगद्यांना जोडणारे आडमार्ग, पंखे, दिवे आणि आगीची व्यवस्था. आधाराच्या काळात भिंती किती आत सरकतात याची मोजणी रोज चालू असते. आलेख सपाट झाल्याशिवाय अस्तर ओतत नाहीत, आणि काही जागी तो सपाट व्हायला महिने लागतात. आपण ज्या डोंगरातून जातो, त्यात शंभर दिवसांचे मीटर किती आणि पाचशे दिवसांचे किती, हे बोअरच्या कांड्यांवरून अंदाजाने कळते. नक्की कळते ते फेस उघडल्यावरच.